दिवाळीआधी अर्ज, आषाढात रोप : खान्देशात स्वतःच्या जमिनीवर झाडे लावण्यासाठी शासकीय मदत कशी घ्यावी

मृगाचा पहिला पाऊस पडला की खान्देशातील पंचायत समित्यांमध्ये एक दृश्य हमखास दिसते. चिखलाने भरलेल्या चपला दाराशी काढून शेतकरी आत येतात आणि विचारतात, ‘बांधावर साग लावायचा आहे, रोपे कधी मिळतील आणि पैसे किती मिळतील?’ उत्तर बहुधा एकच असते : यंदाचा आराखडा झाला, पुढच्या वर्षी या. शेतकरी नाराज होऊन परततो आणि योजना केवळ कागदावर असतात हा त्याचा समज पक्का होतो. माझाही काही वर्षे तोच समज होता. झाड पावसाळ्यात लावले जाते, परंतु त्याचे प्रकरण आदल्या दिवाळीच्या आधीच सुरू करावे लागते, एवढी एक गोष्ट उमजली की पुढचा मार्ग बराच सरळ होतो. म्हणून हे मार्गदर्शन वर्षाच्या त्या टोकापासून लिहिले आहे.

मी धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील कोरडवाहू शेतकरी आहे. ज्या दोन एकर मुरमाड बरडावर बाजरीसुद्धा धड येत नव्हती, तेथे आज साग, निंब, आवळा आणि नाल्याच्या कडेला बांबू उभा आहे. खाली लिहिलेल्या चुकांपैकी बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत.

जमीन कागदावर काय आहे, हे आधी पाहावे

सर्वप्रथम ताजा सातबारा आणि आठ-अ काढून शांतपणे वाचावा. पिकांच्या रकान्यापेक्षा ‘इतर हक्क’ या रकान्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण महाराष्ट्रात खासगी जंगल या शब्दाला एक कायदेशीर इतिहास आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा ३० ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आला आणि त्या दिवशी ज्या खासगी जमिनी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वन ठरल्या, त्या शासनाकडे निहित झाल्या. डोंगरउतारावरील काही गटांवर ‘खाजगी वन’, ‘राखीव वन’ किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ चा उल्लेख आजही आढळतो. असा उल्लेख असल्यास लागवडीचा अर्ज करण्यापूर्वी तहसील कार्यालय आणि वन परिक्षेत्र कार्यालय या दोन्ही ठिकाणी त्या गटाची स्थिती लेखी विचारून घ्यावी. उल्लेख नसेल तर ती बहुधा साधी शेतजमीन असते आणि तिच्यावर उद्या कितीही दाट झाडे उभी केली तरी ती आपली लागवड आहे, हे दाखवण्यासाठी पुढे सांगितलेल्या नोंदी उपयोगी पडतात.

खाते सामाईक असेल तर सर्व सहखातेदारांचे संमतिपत्र आधीच घ्यावे. आमच्याकडे वडिलांच्या पश्चात वारस लागलेले असतात, वाटणी तोंडी झालेली असते आणि एक भाऊ सुरतेला असतो. त्याची सही ऐन वेळी मिळत नाही, आदल्या दिवाळीला तो घरी आलेला असताना मात्र मिळते. बांधावर लागवड करावयाची असेल आणि शेजाऱ्याशी बांधाचा वाद असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून खुणा पक्क्या कराव्यात. आज गुडघ्याएवढे असलेले सागाचे रोप कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याची तुळई होण्याइतकी जाडी झाली की तो विचारला जातो.

कोणत्या दारी जावे

मदतीची दारे मुख्यतः चार आहेत आणि शेतकरी बहुतेक वेळा चुकीच्या दारी उभा असतो.

पहिले आणि सर्वांत जवळचे दार ग्रामपंचायतीचे. महाराष्ट्राने १९७७ च्या आपल्या कायद्याने रोजगार हमीची पायवाट पाडली आणि पुढे ती केंद्रीय योजनेला जोडली गेली. या रोजगार हमीतून वैयक्तिक शेतकऱ्याच्या बांधावर, पडीक जमिनीवर किंवा सलग क्षेत्रावर वृक्षलागवड करता येते. लाभ सरसकट सर्वांना नाही : अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या व विमुक्त जमाती, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, स्त्री-कर्ता किंवा दिव्यांग-कर्ता कुटुंबे, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील पट्टाधारक आणि त्यानंतर अल्पभूधारक व सीमांत शेतकरी असा क्रम आहे. सीमांत म्हणजे एक हेक्टरपर्यंत आणि अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेला. कुटुंबाकडे जॉबकार्ड असणे आवश्यक असून घरच्या माणसांनी त्या कामावर स्वतः राबणे अपेक्षित असते. तुमच्याच शेतात तुम्ही खोदलेल्या खड्ड्याची मजुरी तुमच्या खात्यात येते, हा या योजनेचा गाभा आहे.

दुसरे दार सामाजिक वनीकरणाचे. हा विभाग राज्यात १९८२ साली सुरू झाला आणि त्याची तालुका पातळीवरील कार्यालये व रोपवाटिका आहेत. रोजगार हमीतील वनवृक्षांच्या लागवडीचे अंदाजपत्रक, तांत्रिक देखरेख आणि रोपे बहुधा येथून येतात. जे शेतकरी वरील पात्रतेत बसत नाहीत, त्यांनीही येथे जावे, कारण वनमहोत्सवाच्या काळात रोपे सवलतीच्या दराने मिळतात. शेतकरी कुटुंबात मुलगी जन्मली असेल तर २०१८ पासूनच्या कन्या वन समृद्धी योजनेतून दहा रोपे मिळण्याची तरतूद आहे : सागाची ५, आंब्याची २ आणि फणस, जांभूळ व चिंच यांचे प्रत्येकी एक. फणस आमच्या उन्हाळ्यात टिकणे कठीण आहे, ते रोप विहिरीजवळच लावावे.

तिसरे दार कृषी विभागाचे. आंबा, आवळा, सीताफळ, चिंच, बोर अशी फळझाडे हवी असतील तर सामाजिक वनीकरणाकडे न जाता कृषी सहाय्यकांकडे अर्ज करावा. चौथे दार बांबूसाठी महाराष्ट्र बांबू विकास मंडळाचे, ज्याचे मुख्यालय नागपूरला आहे. अटल बांबू समृद्धी योजना त्याच्यामार्फत चालते. बांबू रोजगार हमीतूनही घेता येतो, मात्र एकाच क्षेत्रासाठी दोन योजनांत अर्ज करू नये, कारण पडताळणीत दोन्ही प्रकरणे अडकतात.

वनविभागाच्या दृष्टीने खान्देश धुळे वनवृत्तात येतो आणि त्यात धुळे, नंदुरबार, मेवासी (तळोदा), जळगाव व यावल हे वनविभाग आहेत. आपले गाव कोणत्या परिक्षेत्रात येते, हे आजच विचारून ठेवावे. झाड तोडण्याच्या वेळी त्याच दारी जावे लागते.

अर्ज ते हजेरीपत्रक

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास पुढील वर्षाच्या कामांची यादी तयार होऊ लागते. त्या यादीत आपले नाव, गट क्रमांक आणि कामाचा प्रकार स्पष्ट लिहिला गेला पाहिजे, म्हणून अर्ज ग्रामसभेपूर्वी द्यावा आणि ठरावात नाव आल्याची खात्री सभेतच करावी. अर्जासोबत सातबारा, आठ-अ, जॉबकार्डाची प्रत, आधार, बँक पासबुक, लागू असल्यास जातीचा दाखला आणि सहखातेदारांची संमती जोडावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. मागायला संकोच वाटतो, परंतु पुढे कामाला येणारा कागद तोच असतो.

ठरावानंतर प्रस्ताव पंचायत समितीकडे जातो, जागेची पाहणी होते, अंदाजपत्रक बनते, तांत्रिक मान्यता आणि नंतर प्रशासकीय मान्यता मिळते आणि कामाला संगणकावर स्वतंत्र संकेतांक मिळतो. हा संकेतांक पडेपर्यंत जमिनीला कुदळ लावू नये. मी लावली होती. ‘मंजुरी होईलच, तुम्ही सुरू करा’ असे कोणीतरी तोंडी सांगितले आणि मी सालदाराला घेऊन आठवडाभरात दोनशे खड्डे खोदून टाकले. काम सुरू होण्यापूर्वीचे, सुरू असतानाचे आणि पूर्ण झाल्यावरचे असे तीन टप्प्यांतील छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह संगणकावर चढवावे लागते. माझ्या शेतात ‘पूर्वीचे’ छायाचित्र घेण्यासारखे काही उरलेच नव्हते, म्हणून त्या दोनशे खड्ड्यांची मजुरी माझ्याच खिशातून गेली.

संकेतांक मिळाल्यावर ग्रामरोजगार सेवकाकडे कामाची मागणी लेखी नोंदवावी, म्हणजे हजेरीपत्रक निघते. मजुरी थेट बँक खात्यात जमा होते आणि त्यासाठी खाते आधारशी जोडलेले असावे लागते. गावात ज्यांचे पैसे ‘अडकले’ असे ऐकू येते, त्यांच्यापैकी अनेकांचे आधार जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेले असते. बँकेत जाऊन हे आधीच तपासावे. दर, प्रजातींची यादी आणि प्रति हेक्टर रोपांची संख्या शासन निर्णयाने वेळोवेळी बदलते, तेव्हा गेल्या वर्षी शेजाऱ्याला मिळालेल्या रकमेवरून आपला हिशेब मांडू नये. चालू शासन निर्णयाची प्रत पंचायत समितीतून मागून घ्यावी.

एक अट सुरुवातीलाच ध्यानात ठेवावी. लागवडीची मदत तीन वर्षांत विभागलेली असते, आणि रोजगार हमीच्या फळबाग व वृक्षलागवडीत दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाची रक्कम मिळण्यासाठी कोरडवाहू क्षेत्रात किमान ७५ टक्के आणि बागायती क्षेत्रात किमान ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. म्हणून जेवढी झाडे मे महिन्यात जगवता येतील तेवढीच मागावीत.

झाड कोणते, खड्डा कोठे

खान्देशात जमीन पावलागणिक बदलते. तापीकाठची खोल काळी, गिरणेच्या खोऱ्यातील मध्यम, साक्री-शिरपूरच्या उतारांवरील मुरमाड आणि सातपुड्याच्या पायथ्याची दगडगोट्यांची अशी सगळी जमीन दोन तासांच्या प्रवासात दिसते. ज्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, तेथे साग लावू नये. पहिली दोन वर्षे तो बरा दिसतो, पुढे खुंटतो. अशा ठिकाणी बाभूळ व निंब बरे. निचरा होणाऱ्या मध्यम जमिनीत साग उत्तम. नाल्याच्या कडेला बांबू, आणि त्यातही सातपुड्यात मुळातच असलेला मनवेल, फार कौतुक न करता वाढतो.

अगदी खडकाळ, उथळ जमिनीसाठी मी अंजनाचा आग्रह धरतो. धुळे-जळगावच्या कोरड्या टेकड्यांवर हे झाड पिढ्यानपिढ्या उभे आहे, त्याचा पाला जनावरे खातात आणि त्याचे लाकूड अतिशय टणक असते. अडचण इतकीच की सुरुवातीची काही वर्षे रोपाचा शेंडा उन्हाळ्यात वाळून जातो आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतो, कारण या काळात ते आपली सगळी ताकद मुळात घालत असते. पाहणीला येणाऱ्या कर्मचाऱ्याला ते मेलेले वाटू शकते. म्हणून अंजन एकट्याने न लावता इतर झाडांत मिसळून लावावे आणि मोजणी पावसाळ्यानंतर व्हावी अशी विनंती करावी. रोप आणून दिले की माल आम्हीच विकत घेऊ, असे सांगत फिरणाऱ्या विक्रेत्यांच्या छापील पत्रकांवर भरवसा ठेवून दोन एकर एकाच परदेशी जातीने भरून टाकू नयेत, एवढेच त्या विषयावर सांगतो.

सलग लागवडीत ४ × ४ मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी ६२५ झाडे बसतात, ३ × ३ मीटरवर सुमारे ११००. एक एकराच्या चौकोनी शेताचा बांध साधारण अडीचशे मीटर भरतो. त्यावर तीन मीटरला एक असे ऐंशीच्या आसपास झाड येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने सावली उत्तरेला पडते. आपल्या उत्तर बांधावरील झाडांची सावली शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर जाते, म्हणून त्या बाजूला उंच साग न लावता आवळा किंवा सीताफळ लावले तर शेजार टिकतो.

खड्डे आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत खोदून व्हावेत, म्हणजे महिनाभर ऊन खाऊन मातीतील किडी व बुरशी कमी होते. वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकावा. भरताना वरची माती, कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड तळाशी घालावी व मुरूम वर आळ्यासाठी वापरावा. बरडावर वाळवी फार असते. अर्धवट कुजलेले शेणखत घातले तर वाळवीला आपणच आमंत्रण देतो, हे मी एका रांगेतील चाळीस रोपे गमावून शिकलो.

सागाचे पिशवीतील रोप मिळाले तर ठीक, परंतु पुष्कळदा जडी मिळते. जडी म्हणजे वर्षभराच्या रोपाचा अंगठ्याएवढ्या जाडीचा तुकडा : वीतभर मूळ आणि वर दोन बोटे खोड. हातात घेतली तर वाळकी काडीच वाटते. जमीन चांगली ओली झाल्यावर भरलेल्या खड्ड्यात पहारीने सरळ भोक पाडून ती खोडाच्या खुणेपर्यंत आत घालावी आणि टाचेने चारही बाजूंनी माती घट्ट दाबावी. मुळाशी पोकळी राहिली तर जडी तेथेच सुकते. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावी आणि आणली त्याच दिवशी लावावी. पहिल्या पावसाच्या भरात लावू नये, कारण त्यानंतर आमच्याकडे बहुधा उघडीप पडते. दुसरा दमदार पाऊस होऊ द्यावा. मेलेल्या जागी नांग्या भरण्याचे काम कानबाईच्या सुमारास, म्हणजे श्रावणात, उरकावे. त्यानंतर लावलेल्या रोपाला उन्हाळ्यापूर्वी मूळ धरायला वेळ उरत नाही.

खरी परीक्षा पहिल्या उन्हाळ्यात असते. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वारा भट्टीसारखा येतो. उतारावर खड्ड्याच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घालावा, आळ्यात तूरकाठ्या किंवा वाळलेला पाला अंथरावा, आणि विहिरीपासून लांब असलेल्या रोपांजवळ तळाला बारीक छिद्र पाडून कापडाची वात घातलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे. आठवड्याला एकदा मडके भरले की भागते. माझ्या मोजणीत पहिल्या वर्षी मडक्याजवळच्या पन्नासांपैकी सत्तेचाळीस रोपे जगली. बिनमडक्याच्या पन्नासांतील निम्मी गेली.

उन्हाइतकाच शेळ्यांचा आणि वणव्याचा धोका असतो. रब्बी निघाली की शेते मोकळी होतात आणि जनावरे मोकाट सुटतात. बांधावर सागरगोट्याचे कुंपण पावसाळ्यातच धरावे, तोवर बोरीच्या काट्यांचा फास रोपाभोवती लावावा. ठेलारी बांधवांच्या मेंढ्या वर्षानुवर्षे त्याच वाटेने जातात. त्यांच्याशी आधी बोलून रोपे दाखवून दिली तर कळप बाजूने नेला जातो, हा माझा अनुभव आहे. सातपुड्याच्या पायथ्याला मोह वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाला जाळण्याची रीत आहे, तेव्हा फेब्रुवारीतच लागवडीभोवती तीन मीटर रुंदीची जाळरेषा साफ करून ठेवावी. साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे जंगल सामूहिक आहे, खासगी नाही. तरीही चैत्राम पवार, ज्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, यांनी गावकऱ्यांसह चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून ते कसे उभे केले, हे एकदा तेथे जाऊन पाहावे.

सातबाऱ्यावर झाड चढवावे

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याच्या हाती एक चांगले साधन आले. त्या अॅपमध्ये पिकांसोबत बांधावरची झाडे नोंदवण्याची सोय आहे. पहिल्याच वर्षी प्रजाती व संख्या नोंदवावी आणि दरवर्षी न चुकता तीच नोंद पुढे चालवावी. काही महिन्यांनी ताजा सातबारा काढून नोंद उतरली आहे का, हे पाहावे. नसेल तर तलाठ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. हे काम कोणालाही तातडीचे वाटत नाही. माझ्या वडिलांनी लावलेले अकरा साग तोडायची वेळ आली तेव्हा सातबाऱ्यावर एकाही झाडाचा उल्लेख नव्हता, आणि ती झाडे आमचीच आहेत हे पंचनाम्याने व शेजाऱ्यांच्या जबाबांनी सिद्ध करण्यात एक पूर्ण वर्ष गेले.

तोडण्याची वेळ आल्यावर

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, बीजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि कांदळवन या प्रजाती आहेत. स्वतःच्या शेतात असले तरी यांपैकी झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. निंब व बाभूळ या यादीत नाहीत, तरी तोड व वाहतुकीपूर्वी परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. बिगरवन जमिनीवरील बांबू २०१७ च्या दुरुस्तीने वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला आहे. नगरपालिका हद्दीतील जमिनीला १९७५ चा वेगळा वृक्षसंरक्षण कायदा लागतो.

वनविभागाच्या बोलीत याला ‘मालकी प्रकरण’ म्हणतात. परिक्षेत्र कार्यालयात सातबारा, नकाशा, हद्दीच्या खुणा आणि झाडांची यादी देऊन अर्ज करावा. त्यानंतर पाहणी होते, प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरील घेर मोजला जातो, क्रमांक पडतो आणि बुंध्यावर हातोड्याचा शिक्का उमटतो. तोडताना तो शिक्का खुंटावर शाबूत राहील इतके अंतर ठेवूनच करवत लावावी. खातेदार आदिवासी असेल तर १९६९ चा स्वतंत्र कायदा लागू होतो; त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने आणि वनविभागामार्फत विक्री होते. नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल या भागांत व्यापारी उभ्या झाडांचा तोंडी सौदा करून उचल देतात. अशी उचल घेऊ नये. तो सौदा कायद्यात टिकत नाही आणि भाव निम्माही मिळत नाही.

माल हलवण्यापूर्वी वाहतूक परवाना घ्यावा आणि त्यावरील प्रजाती, नगांची संख्या, गाडी क्रमांक आणि मुदत स्वतः वाचून पाहावी. मुदत संपलेल्या परवान्यावर गाडी नाक्यावर अडली तर माल जप्त होऊ शकतो. परवान्याची प्रत ठराव, अर्जाची पोहोच आणि सातबारा ठेवलेल्या त्याच पिशवीत ठेवावी. सागाच्या खुंटाला पुढच्या पावसाळ्यात पाच-सहा फुटवे येतात. त्यांतील जमिनीलगतचा सरळ फुटवा राखून बाकीचे काढून टाकावेत आणि त्या खरिपाच्या ई-पीक पाहणीत त्याची नव्याने नोंद करावी.